घरच्या शिक्षिकेची बाळंतपणाची रजा

शाळेत शिकवणाऱ्या बाई गरोदर राहिल्या की पुढे काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या मुख्याध्यापकांना कळवतात, रजेचा अर्ज देतात, आणि त्यांच्या वर्गावर दुसऱ्या बाई येतात. मुलांना थोडे दिवस जुन्या बाईंची आठवण येते, मग वर्ग पुढे सरकतो. काही महिने वर्गात दिसणार नाहीत म्हणून त्यांना कुणी बेजबाबदार ठरवत नाही. मुलांना शाळेत न घालता हेच काम स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलांसाठी करणाऱ्या आईला दिवस गेले की मात्र अपेक्षा बदलते. तिचं शिकवणं चालू राहावं, घर चालू राहावं आणि पोटातलं बाळही नीट वाढावं. कारण काय, तर ती घरीच असते.

या ‘घरीच असते’ला माझा विरोध आहे. मुलांना घरी शिकवणं हे काम आहे. काय शिकवायचं ते ठरवणं, साहित्य जमवणं, दोन वेगळ्या वयांच्या मुलांना एकाच वेळी सांभाळून घेणं, कंटाळलेल्या मुलाला पुन्हा वळवून आणणं, आणि दिवसअखेर उद्याचा विचार करणं, हे सगळं त्यात आलं. काम असेल तर त्यातून रजाही मिळाली पाहिजे. लहान मुलांच्या बाबतीत अशी रजा त्यांच्या शिक्षणाच्या मुळावर येत नाही, असं मला ठामपणे वाटतं. पण तिची तजवीज आधी करावी लागते, आणि ती एकट्या आईने करायची नसते. घरात अशी तजवीज होऊच शकत नसेल, तर आईच्या शरीराला ओढून ताणून हे घरचं शिक्षण, म्हणजे होमस्कूलिंग, जिवंत ठेवण्यापेक्षा ते थांबवणं योग्य.

गरोदरपण हा आजार नाही, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की त्याआड शरीराचे कष्ट झाकले जातात. दर दहा गरोदर स्त्रियांपैकी सात-आठ जणींना पहिल्या काही महिन्यांत मळमळ किंवा उलट्यांचा त्रास होतो. बहुतेकींचा तो चौथ्या महिन्याच्या आसपास ओसरतो. थोड्या जणींना मात्र पाण्याचा घोटही टिकत नाही आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागतं. याच काळात शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि भर दुपारी डोळ्यांवर झापड येते. पुढे रक्ताचं एकूण प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत वाढतं, म्हणजे हृदयाला तेवढं जास्त काम पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या दर तीन गरोदर स्त्रियांपैकी एकीहून अधिक जणींना रक्तक्षय असतो. अशा शरीराने जमिनीवर बसून पाच वर्षांच्या मुलाला अक्षरं गिरवायला शिकवायची, तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घ्यायचं आणि मधूनमधून उठून ओकून यायचं. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. यात मदत करण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिल्या तीन महिन्यांची आणखी एक अडचण फारशी बोलली जात नाही. अनेक घरांत या काळात बातमी बाहेर सांगत नाहीत. मुलांनाही सांगत नाहीत, कारण गर्भ टिकेल की नाही याची धाकधूक असते. म्हणजे थकवा सर्वांत जास्त असतो तेव्हाच मदत मागायला कारण सांगता येत नाही. मुलांना दिसतं ते एवढंच, की काल गोष्ट सांगणारी आई आज आडवी पडली आहे आणि प्रश्न विचारला की चिडते. लहान मूल अशा वेळी दोष स्वतःकडे घेतं. ‘मी काही केलं का?’ हा प्रश्न ते मोठ्याने विचारतं असं नाही, पण त्याच्या वागण्यात तो उतरतो. म्हणून बातमी सांगायची नसली तरी ‘आईला काही दिवस बरं नाहीये, तुझ्यामुळे नाही, आणि ती बरी होणार आहे’ एवढं मुलांना सांगावं. ती नंतर सांगण्याची गोष्ट नाही.

बाळंतपणानंतर काम करणाऱ्या स्त्रीला किती काळ सोडावं, यावर जगाने पूर्वीच विचार केला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ साली स्थापन झाली. त्याच वर्षी तिने केलेल्या पहिल्यावहिल्या ठरावांमध्ये मातृत्व-संरक्षणाचा करार होता: उद्योग-व्यापारात काम करणाऱ्या स्त्रीला बाळंतपणानंतर सहा आठवडे कामावर लावायचं नाही, आणि आधीचे सहा आठवडे हवे असल्यास रजा द्यायची. २००० सालच्या करारात ही मर्यादा किमान १४ आठवड्यांची झाली, त्यात बाळंतपणानंतरचे सहा आठवडे सक्तीचे. सोबतच्या शिफारशीत १८ आठवडे सुचवले आहेत. सक्तीचे या शब्दावर मी मुद्दाम थांबते. कायदा करणाऱ्यांना कळलं होतं, की निवड बाईवर सोडली तर पगाराच्या, मालकाच्या किंवा स्वतःच्या मनाच्या दडपणाखाली ती लवकर परतेल. घरी शिकवणाऱ्या आईला मालक नाही, पगारही नाही. मनाचं दडपण मात्र आहे, आणि ते परतायला भाग पाडतं. मूल मागे पडेल, नातेवाईक म्हणतील ‘आम्ही सांगितलंच होतं’, शाळेतल्या मुलांची उजळणी होऊन पुढचा धडा सुरूसुद्धा झाला असेल. या दडपणाला उत्तर म्हणून आपण स्वतःच सहा आठवड्यांची सक्ती घालून घ्यावी, असं मला वाटतं. त्या सहा आठवड्यांत आईने धडा घ्यायचा नाही. इच्छा झाली तरी घ्यायचा नाही.

नवजात बाळ २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पितं. एका वेळेला अर्धा तास धरला, तर दिवसाचे चार ते सहा तास त्यातच जातात. आणि हे तास सलग नसतात. रात्रीचे तुकडे, पहाटेचे तुकडे, दुपारचे तुकडे. शाळेतल्या बाई निदान वर्गाच्या वेळेपुरत्या शिक्षिका असतात. घरची शिक्षिका रात्री दोन वाजता दूध पाजणारी आईसुद्धा असते आणि सकाळी साडेआठला वाचनाचा तास घेणारीसुद्धा. हे एका माणसाचं काम नव्हे.

आता मुख्य आक्षेप घेऊ. शाळेतल्या बाई रजेवर गेल्या तरी वर्ग थांबत नाही, कारण त्यांची जागा कुणीतरी घेतं. घरात तशी जागा घेणारं कुणी नसेल तर रजा मुलाच्या माथी मारली जाते. मोठ्यांच्या निर्णयाची किंमत मुलाने का मोजावी? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला ‘मुलं आपोआप शिकतात’ असं सैल उत्तर देऊन भागणार नाही. मुलं काही गोष्टी आपोआप शिकतात, काही अजिबात शिकत नाहीत.

इथे वयाचा प्रश्न निर्णायक आहे. फिनलंडमध्ये औपचारिक शाळा मूल ज्या वर्षी सात वर्षांचं होतं त्या वर्षी सुरू होते. त्याआधीचं पूर्वप्राथमिक वर्ष प्रामुख्याने खेळाभोवती गुंफलेलं असतं. न्यूझीलंडमध्ये संशोधक सेबास्टियन सुगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचायला शिकवलेल्या आणि सातव्या वर्षी शिकवलेल्या मुलांची तुलना केली. अकरा वर्षांच्या सुमाराला दोन्ही गटांच्या वाचनात फरक उरला नव्हता. हा एकच अभ्यास आहे आणि त्यातून सगळं सिद्ध होतं असा माझा दावा नाही. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाचं अक्षरओळखीचं पुस्तक तीन महिने बंद राहिलं तर त्याचं आयुष्य बिघडेल ही भीती तरी यापुढे टिकत नाही. या वयात ज्याची गरज असते ते म्हणजे बोलणं, ऐकणं, गोष्ट, मोजणं, हाताने काही करणं, पळणं आणि झोप. यातलं बरंच काही आडवी पडलेली आईसुद्धा देऊ शकते, आणि बाकीचं देण्यासाठी कुणाला बी.एड. असण्याची गरज नाही.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं तसं नाही. २०२० साली महासाथीमुळे नेदरलँड्समधल्या शाळा सुमारे आठ आठवडे बंद होत्या. तिथे घरोघरी इंटरनेट चांगलं, शाळा पूर्वीपासून सक्षम. तरीही आठ ते अकरा वर्षांच्या मुलांच्या चाचण्या तपासल्यावर दिसलं, की मुलांचं सरासरी नुकसान वर्षाच्या पाचव्या हिश्शाएवढं होतं, म्हणजे जवळपास शाळा जेवढी बंद राहिली तेवढंच. कमी शिकलेल्या पालकांच्या घरांत ते ६० टक्क्यांपर्यंत जास्त होतं. माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारा हा पुरावा मला लपवायचा नाही. त्यातून दोन गोष्टी कळतात. एक, या वयात थांबलेला काळ खरोखर मागे राहतो आणि तो नंतर भरून काढावा लागतो. दुसरं, नुकसान किती होणार हे घरात दुसरं कोण आहे आणि ते मुलासोबत किती बसतं यावर अवलंबून असतं. म्हणून सहाव्या वर्षाच्या आतल्या मुलासाठी तीन महिन्यांची औपचारिक सुट्टी मी बिनदिक्कत सुचवेन. आठच्या पुढच्या मुलासाठी सुचवताना विचारेन: रोज तासभर वाचन आणि गणित कोण घेणार आहे? उत्तरात एका माणसाचं नाव यायला हवं, ‘बघू’ नव्हे. आणि मूल वाचनात अडखळत असेल, बोलण्याचे उपचार चालू असतील किंवा त्याला विशेष शिक्षणाची गरज असेल, तर त्याच्या तासांना सुट्टी नाहीच. तिथे बाहेरची मदत आधीपासून बांधून ठेवावी लागते.

तीन महिन्यांत मूल काय शिकतं याचा हिशेब फक्त पुस्तकाने लावला तर मोठी गोष्ट निसटते. घरात नवं भावंड येणं हा त्या मुलासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम असतो, आणि तो सोपा नसतो. १९८० च्या सुमारास जूडी डन आणि कॅरल केंड्रिक या संशोधिकांनी केंब्रिज परिसरातल्या ४० कुटुंबांकडे जाऊन दुसऱ्या बाळाच्या जन्माआधी आणि नंतर थोरल्या मुलांचं निरीक्षण केलं. बाळ आल्यावर आई आणि थोरल्यामधला खेळ आणि गप्पा कमी झाल्या, वाद वाढले. अनेक मुलं चिकटू लागली, झोप बिघडली, काहींना पुन्हा कपडे ओले करण्याची सवय लागली. पण एक गोष्ट उठून दिसली. ज्या घरांत आई सुरुवातीपासून थोरल्याशी बाळाबद्दल एक माणूस म्हणून बोलत असे, ‘तो का रडत असेल?’, ‘तिला काय हवं असेल, तुला काय वाटतं?’ असं विचारत असे, त्या घरांत वर्षभरानंतर भावंडांचं नातं जास्त मायेचं होतं.

मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण घरी शिकणाऱ्या मुलाला या प्रश्नांसाठी दिवसभर वेळ असतो. दुसऱ्या जिवाच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज बांधणं हे माणसाचं अतिशय अवघड कौशल्य आहे. पाच वर्षांचं मूल ते रडणाऱ्या बाळाकडे पाहून शिकू शकतं. बाळाचं वजन दर आठवड्याला किती वाढलं, ते कितीदा झोपलं, पहिल्यांदा कधी हसलं, याची वही मुलाने ठेवली तर त्यात मोजणं आहे, लिहिणं आहे, निरीक्षण आहे. त्यासाठी आईला वेगळा तास घ्यावा लागत नाही.

इथे मात्र एक रेघ ठामपणे ओढावी लागते. बाळाला पाहून शिकणं वेगळं आणि बाळाला सांभाळणं वेगळं. होमस्कूलिंग करणाऱ्या घरांत, विशेषतः तीन-चार मुलं असतील तिथे, थोरली मुलगी हळूहळू दुसरी आई होते आणि त्याला ‘जीवनकौशल्य’ म्हणायची सोय असते. युनिसेफने २०१६ साली मांडलेल्या आकडेवारीनुसार जगात ५ ते १४ वर्षांच्या मुली त्याच वयाच्या मुलांपेक्षा घरकामावर ४० टक्के जास्त वेळ घालवतात. शाळा निदान दिवसाचे काही तास तरी मुलीला या कामातून सोडवते. घर ते तास परत घेऊ शकतं, आणि बाहेर कुणाला कळतही नाही. आठ वर्षांच्या मुलीने दुपटं आणून द्यावं, बाळाजवळ बसून गाणं म्हणावं, यात वावगं काही नाही. तिचा अभ्यासाचा आणि खेळाचा वेळ रोज बाळाभोवती संपत असेल, तर तिचं शिक्षण थांबलेलं आहे, मग वहीत काहीही लिहिलेलं असो. आणि तिचा धाकटा भाऊ त्या वेळी काय करतो आहे, हेही पाहावं. तो मोकळा असेल तर घरात दोघांना दोन वेगळे धडे मिळताहेत.

मग आईची जागा कुणी घ्यायची? वडिलांनी. हे उत्तर इतकं उघड आहे की ते लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिलं पाहिजे. घरी शिकवण्याचा निर्णय बहुतेक वेळा दोघांचा असतो, दोघं तो अभिमानाने सांगतात, आणि अंमलबजावणी एकटीकडे येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे जगात घरच्यांची देखभाल करण्याच्या बिनपगारी कामाचे तीन चतुर्थांशांहून जास्त तास स्त्रियांच्या वाट्याला येतात. शिकवण्याचं काम त्यात भर घालतं. वडील नोकरी करतात, दिवसभर बाहेर असतात, हे खरं. पण शिकवणं दिवसभर चालावं लागतच नाही. एका-दोघा लहान मुलांना समोरासमोर शिकवताना पाच तासांच्या शालेय दिवसाचं वाचन-गणिताचं काम तास-दीड तासात होऊ शकतं. कारण हजेरी, रांगा, गप्प बसवणं, तीसजणांच्या वह्या तपासणं यात वेळ जात नाही. सकाळी कामावर जाण्याआधी अर्धा तास गणित आणि रात्री झोपण्याआधी अर्धा तास मोठ्याने वाचन, एवढं वडिलांना जमण्यासारखं आहे. ते जमवण्याची तयारी नसेल, तर होमस्कूलिंगचा निर्णय दोघांचा होता असं म्हणण्यात अर्थ नाही.

वडील नसतील, दूर असतील, किंवा त्यांची पाळी दिवस-रात्र बदलणारी असेल, तर आजी, आजोबा, मावशी, आत्या, शेजारी, घरी शिकवणारं दुसरं कुटुंब. आजोबांना आजचा अभ्यासक्रम माहीत नसेल. त्यांना नातवंडासोबत चालता येतं, झाडं दाखवता येतात, स्वतःच्या लहानपणाच्या गोष्टी सांगता येतात, पत्ते खेळता खेळता बेरीज करून घेता येते. तेवढं त्या तीन महिन्यांना पुरतं. मदत करणाऱ्याच्या हातात आईने आखलेलं भरगच्च वेळापत्रक देऊ नये, कारण मग तिचं अर्धं लक्ष पाळलं जातंय की नाही यावर अडकतं आणि रजा नावापुरती उरते.

आता ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते सांगते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की बाळंतपणानंतर सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो आणि त्यात मुख्य नैराश्य. गरिबी आणि सोयींची टंचाई असलेल्या देशांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या जवळ जातं. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, मन हलकंफुलकं न वाटणं हे बहुतेकींना होतं आणि ओसरतं. ओसरत नाही तेव्हा तो आजार असतो, आणि त्यावर उपचार आहेत. हे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. ती भरायला पाच-दहा मिनिटं लागतात. प्रश्न एवढाच, की ती पुढे कोण करणार?

शाळेत मूल सोडायला जाणारी ओली बाळंतीण निदान रोज चार माणसांना दिसते. फाटकापाशी कुणी तरी विचारतं, ‘तब्येत कशी आहे गं?’ मुलाच्या वर्गात बाईंना जाणवतं, की हल्ली हे मूल गप्प असतं, डबा तसाच परत जातो. घरी शिकणाऱ्या कुटुंबात ही दोन्ही दारं बंद असतात. आई कुणाला दिसत नाही आणि मुलंही दिसत नाहीत. शिवाय ज्या बाईने ‘मी मुलांना घरीच शिकवणार’ असं सगळ्यांसमोर ठामपणे सांगितलेलं असतं, तिला ‘मला झेपत नाहीये’ म्हणणं दुप्पट अवघड जातं. ज्यांच्याशी वाद घातला त्यांच्यासमोर ते कबूल करावं लागेल, ही भीती असते. म्हणून अशा घरात आईची विचारपूस योगायोगावर सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत बाळंतपणानंतर किमान चार भेटी सांगितल्या आहेत: पहिले २४ तास, दोन-तीन दिवसांनी, दुसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात. या भेटी बाळाच्या वजनापुरत्या होऊ नयेत. आणि त्यांच्या पलीकडे घराबाहेरचं एक माणूस असावं, मैत्रीण, बहीण, सुईण, कुणीही. तिने दर आठवड्याला आईला एकटीला गाठून विचारायचं, झोप किती झाली, रडू येतं का, मुलांची भीती वाटते का, स्वतःची भीती वाटते का. होमस्कूलिंगचे समर्थक त्याच्या स्वातंत्र्याबद्दल खूप बोलतात. मीही त्या स्वातंत्र्याच्या बाजूची आहे. पण ज्या स्वातंत्र्यात आजारी पडलेली आई कुणाला दिसत नाही, त्याची जबाबदारी त्याच समर्थकांनी घेतली पाहिजे. आपल्या गटातल्या गरोदर बाईला ‘तू किती छान सांभाळतेस’ म्हणण्याऐवजी तिची मुलं आठवड्यातून दोन दुपारी आपल्या घरी आणावीत.

सरकारी नियमांचंही यात काम आहे. जर्मनीसारख्या देशांत घरी शिकवायला जवळजवळ बंदीच आहे, तिथे हा प्रश्न उभा राहत नाही. जिथे परवानगी आहे तिथे नियम मुलाकडे पाहतात, आणि तसंच असायला हवं. पण शिकवणाऱ्या व्यक्तीची तब्येत किंवा बाळंतपण त्यांत सहसा दिसत नाही. फ्रान्सने २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं केलं आणि २०२२ पासून घरी शिकवायला आधी परवानगी घ्यावी लागते. कारणांत मुलाचं आरोग्य, खेळ-कलेचा सराव, कुटुंबाचं फिरतेपण, मुलाची विशेष परिस्थिती हे सगळं आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात पहिली ते सहावीसाठी वर्षाला ९०० तास आणि दर तिमाहीला अहवाल मागतात. तासांचा हिशेब वर्षाचा असेल तर कुटुंबाला हालचालीला जागा मिळते: गरोदरपणाच्या मधल्या, तुलनेने बऱ्या महिन्यांत जास्त काम, बाळंतपणाच्या आसपास कमी. तिमाहीच्या अहवालात ती जागा आक्रसते. अशा प्रत्येक नियमात एक साधी तरतूद हवी. शिकवणाऱ्या पालकाचं बाळंतपण असेल तर एक अहवाल पुढे ढकलता यावा, आणि त्या बदल्यात एखाद्या समुपदेशकाने किंवा परिचारिकेने घरी येऊन आई आणि मुलांची भेट घ्यावी. मुदत मिळेल आणि घराकडे बाहेरचे डोळेही वळतील. काहीजण याला सरकारची ढवळाढवळ म्हणतील. तपासणी करायला येणारं माणूस आणि विचारपूस करायला येणारं माणूस यांत फरक आहे, आणि दुसरं येत असेल तर दार उघडावं.

शाळेत घालण्याचा पर्याय उरतो. बाळ येणार म्हणून थोरल्याला शाळेत घालणं ही हार नव्हे. अनेक घरांसाठी तोच शहाणपणाचा निर्णय आहे. फक्त वेळ सांभाळावी. ज्या आठवड्यात बाळ घरी येतं त्याच आठवड्यात थोरलं शाळेत गेलं, तर ते दोन्ही गोष्टींची सांगड घालतं: हे आलं, म्हणून मला बाहेर काढलं. शाळा सुरू करायची तर बाळंतपणाच्या दोन-तीन महिने आधी करावी, मुलाला तिथे मित्र मिळू द्यावेत, किंवा नंतर घर जरा स्थिरावल्यावर. आणि गेलेलं मूल पुढच्या वर्षी परत घरी शिकू शकतं, हे मोठ्यांनी आधी स्वतःला पटवावं. होमस्कूलिंग म्हणजे एकदा घेतलेली शपथ असल्यासारखं वागणाऱ्या घरांत मुलांपेक्षा मोठ्यांच्या अभिमानाचा प्रश्न जास्त असतो.

थांबायचं की चालू ठेवायचं हे ठरवायला पाचवा-सहावा महिना बरा. त्या वेळी मळमळ गेलेली असते, पोट अजून फार जड झालेलं नसतं, डोकं चालतं. दोघांनी बसून कागदावर लिहावं: सहा आठवडे आई शिकवणार नाही, त्या काळात वाचून कोण दाखवणार, आठ वर्षांच्या मुलाचं गणित कोण घेणार, रात्री कोण उठणार, आईची विचारपूस कोण करणार. प्रत्येक ओळीसमोर नाव लिहावं. एकाहून अधिक ओळींसमोर आईचंच नाव येत असेल तर ती तजवीज झालेली नाही. मग बाळ तीन महिन्यांचं होईल त्या सुमाराची एक तारीख लिहावी, आणि त्या दिवशी पुन्हा बसावं. त्या बैठकीत पहिला प्रश्न मुलांच्या पुस्तकांचा नसावा. आईला सलग चार तास झोप मिळते का, आणि शिकवायला बसावंसं तिला वाटतं का, हे आधी विचारावं. दोन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील तर रजा वाढवावी. सहा महिन्यांनीही ‘नाही’च असतील, तर शाळेचा प्रवेश-अर्ज आणावा, आणि तो वडिलांनी भरावा.